वंशावळ डॉट इएक्सई

२०१९ च्या महापुरात आमच्या घरातला जुना कॉम्प्युटर सगळ्यांत आधी माळ्यावर गेला. त्याच्यामागून धान्याची पोती, मग गॅसची शेगडी आणि शेवटी माणसं. पाणी ओसरल्यावर माणसं खाली उतरली, कॉम्प्युटर वरच राहिला. त्याला उतरवायची वेळ यंदा आली, कारण पुतणीच्या जात पडताळणीसाठी वंशावळ हवी होती आणि ती आण्णांनी कधीकाळी त्यातच टाइप करून ठेवलेली.

"चालू करायचा, प्रिंट मारायची. त्यात काय एवढं?" आण्णा म्हणाले. इतक्या निर्धास्तपणे बोलायला कॉम्प्युटरमधलं अजिबात काही कळत नसावं लागतं.

चालू झाला बिचारा. मदरबोर्डवरचा गोल सेल मेलेला असल्यामुळे त्याच्या लेखी अजून २००२ सालच चाललं होतं. विंडोज एक्सपीचं हिरवंगार माळरान दिसलं आणि पाठोपाठ पटापट खिडक्या उघडायला लागल्या. टास्क मॅनेजर उघडायला गेलो तर 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने बंद केला आहे' असा निरोप. या घरात अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कोण, या प्रश्नावर आई आणि आण्णा एकमेकांकडं बघायला लागले. विषय वाढू नये म्हणून मी मशीनच बंद केलं.

इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याला बोलावलं. त्यानं आधी शेजारच्या तात्यांच्या हातातला पेन ड्राइव्ह काढून घेतला. तात्यांचं म्हणणं, "घाल की, काय होतंय!" काय होतंय म्हणजे, त्या काळचे व्हायरस पेन ड्राइव्हवरूनच गावभर फिरायचे. ड्राइव्ह लावला की ऑटोरन नावाची फाइल गपचूप त्यात जाऊन बसणार आणि तात्या ती स्वतःच्या घरी घेऊन जाणार. नेटची वायर लावायलाही बंदी होती, कारण एक्सपीचे सुरक्षा अपडेट मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ लाच थांबवलेले.

"मामा, विषय हार्ड आहे," भाचा म्हणाला. "डिस्कच बाहेर काढूया."

डिस्क निघाली ४० जीबीची, आयडीई नावाच्या जुन्या जातीची. मागं चाळीस पिनांची कंगव्यासारखी रांग. हल्लीच्या लॅपटॉपला असली पिन कुठं असते? कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानदारानं ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "साहेब, न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये द्या. बंदुकांशेजारी ठेवतील." एवढं बोलून त्यानंच खालच्या खणातनं धूळ खात पडलेला अ‍ॅडॉप्टर काढला. "काम झालं की आणून द्या, शेवटचा आहे."

घरी येऊन लावला, तर डिस्क दिसेना. तिच्या पाठीवर मास्टर की स्लेव्ह ते ठरवणारा एक जंपर असतो, तांदळाच्या दाण्याएवढा. भाच्यानं तो उपसला आणि उडवला. आम्ही दोघं फरशीवर पालथे पडून शोधतोय आणि आण्णा वरून, "टॉर्च लावू का?" शेवटी तो कपाटाखाली सापडला. वहिनीच्या भुवया कोरायच्या चिमट्यानं बसवला, तेव्हा डिस्क घरघरली.

भाच्याच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स. विंडोजचा व्हायरस तिथं आपसूक चालत नाही, म्हणून ही युक्ती. आणि तिथं सगळं बिंग फुटलं. हा व्हायरस खरा फोल्डर लपवतो आणि त्याच नावाची, फोल्डरचंच चित्र लावलेली इएक्सई, म्हणजे प्रोग्रॅमची, फाइल पुढं उभी करतो. एक्सपी शेपटीचं 'डॉट इएक्सई' दाखवत नसल्यामुळे आपण विश्वासानं डबल क्लिक करतो आणि व्हायरस चालू होतो. लोकांकडं त्याला निदान सोंग तरी वठवावं लागत असेल. आमच्याकडं मुळातच सगळ्यांनी न्यू फोल्डर, न्यू फोल्डर दोन, न्यू फोल्डर तीन असे संसार थाटलेले. खरा कुठला आणि तोतया कुठला हे ओळखायचं एकच साधन, साइझ. सगळे तोतये अगदी सारख्याच केबीचे. लपवलेले खरे फोल्डर लिनक्सनं न मागता दाखवले. २००५ च्या पुराचे फोटो, जोतिबाच्या यात्रेचे फोटो, भिशीचा हिशोब आणि वंशावळ. फक्त फोटो आणि कागदपत्रं उचलायची, इएक्सईला हात लावायचा नाही, असा दंडक होता.

वंशावळ उघडली तर सगळी रोमन अक्षरांची आणि चित्रविचित्र खुणांची भेळ. आण्णा हादरले. "पूर्वजांनापण लागला?" व्हायरसचा यात काही हात नव्हता. युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसायची सोय, रुळायच्या आधीचा फॉन्ट होता, तो मशीनवर नसला की असंच दिसतं. कन्व्हर्टरमधून काढल्यावर मराठी आलं, पण काही ऋकार गळाले. खापरपणजोबा कृष्णाजींचे 'कष्णाजी' झाले. त्यांचा जन्म शेतीत गेला, त्यामुळे ते दुरुस्त करायची आम्हाला फारशी घाई वाटली नाही.

तेवढ्यात कागलहून आत्या आली. चष्मा पुसून तिनं प्रिंट वरपासून खालपर्यंत वाचली, मग परत वाचली.

"ह्यात मी कुठाय?"

खरंच नव्हती. आण्णांनी सगळे मुलगे घातले होते, त्यांचे मुलगे घातले होते, दत्तक गेलेलासुद्धा घातला होता. मुलगी एकही नाही. आण्णांनी पेपर डोळ्यांसमोर धरला. भाचा प्रसंगावधान राखून म्हणाला, "आजी, व्हायरसनं उडवलं असेल."

"त्या व्हायरसबरोबरच मी लहानाची मोठी झालोय," आत्या पेपरकडं बघत म्हणाली. "घे लिहायला. ह्याच्या वरती घाल मला. थोरली हाय मी."