अनुदानाने माणूस आळशी होतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बचत गटांना आणि छोट्या उद्योगांना सरकारने आणखी हात द्यावा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही परखड आणि सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फुकटच्या पैशाने माणूस आळशी होतो. लोक सबसिडी उचलतात आणि वर्षभरात शटर खाली ओढतात. मधले एजंट तेवढे गब्बर होतात. गटांच्या हातात काम दिलं की काय होतं, ते २०२४ च्या शालेय गणवेशांत सगळ्यांनी पाहिलं. शेवटी तुम्ही लिहिलंत की तुमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप सरकारचा एक रुपया न घेता उभं राहिलं आणि एका कंपनीकडे सात महिने अडकलेलं बिल सोडवायलाही कुठलं सरकार धावून आलं नाही. त्या बिलाबद्दल शेवटी लिहिते, कारण तो मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

आधी ‘सबसिडी उचलतात’ हे बघू. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी, २००८ पासून चालू आहे. गावातल्या एखाद्या बाईने १० लाखांचं उत्पादन युनिट टाकायचं ठरवलं, तर तिला स्वतःचे ५० हजार घालावे लागतात. उरलेले साडेनऊ लाख बँक मंजूर करते. अनुदान ३५ टक्के, म्हणजे साडेतीन लाख. ही रक्कम तिच्या हातात कधीच पडत नाही. बँक ती तिच्या नावाने वेगळी मुदत ठेव म्हणून बाजूला ठेवते आणि तेवढ्या कर्जावर व्याज लावत नाही. तीन वर्षांनी, युनिट चालू असल्याची पडताळणी झाली की ती कर्जखात्यात वळते होते. तोवर हप्ते तिचे आणि धंद्याची जोखीमही तिची. याला फुकटचा पैसा म्हणणं मला पटत नाही.

बंद पडलेली युनिटं मात्र खरी आहेत, मीही पाहिली आहेत. प्रकल्प अहवाल एजंटने दुसऱ्याच्या फायलीवरून उतरवलेला असतो, फक्त नाव आणि पत्ता बदललेला. कोटेशन मशीन विकणाऱ्याचंच. पहिल्याच वर्षी मशीन जवळजवळ पूर्ण क्षमतेने चालेल, असं त्यात गृहीत धरलेलं. खेळतं भांडवल किती लागेल, हे जिच्या डोक्यावर कर्ज बसणार तिला कुणी विचारलेलंच नसतं. मशीन येतं, पण कच्च्या मालाला पैसे उरत नाहीत. उरलासुरला माल उधारीवर जातो आणि काही महिन्यांत हप्ता थकतो. प्रशिक्षण मिळतं ते कर्जाच्या टप्प्यावर, पडताळणी होते ती तीन वर्षांनी. धंदा तरतो की बुडतो हे ठरतं त्या मधल्या काळात हिशेबाची वही उघडून ‘ही उधारी थांबवा’ असं सांगणारं कुणी नसतं. एजंटवरचा तुमचा राग रास्त आहे. त्याला जागा मिळते ती या मोकळ्या राहिलेल्या जागेतच.

माझं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं. पैसा कमी पडला म्हणून जितक्या योजना फसल्या, त्याहून जास्त पैशासोबत माणूस नव्हता म्हणून फसल्या. आपल्याकडे हे समजायला तीस वर्षं लागली. १९७८-७९ मध्ये एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम सुरू झाला आणि १९८० मध्ये देशभर पसरला. गरीब कुटुंबाला कर्ज आणि अनुदानावर म्हैस, शेळ्या किंवा शिलाई मशीन द्यायचं, असा तो कार्यक्रम. लक्ष्य गाठायच्या घाईत लाभार्थी चुकीचे निवडले गेले, जनावराला चारा कुठून येणार आणि दूध कोण घेणार हे कुणी पाहिलं नाही आणि परतफेड ढासळली. तुम्ही लिहिलेलं सगळं त्या काळाला लागू पडतं. १९९९ मध्ये त्याची जागा स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेने घेतली. तिच्यात गट आले, पण अनुदान राहिलं, त्यामुळे अनुदानापुरते गट तयार झाले. २०११ च्या राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, म्हणजे आपल्या ‘उमेद’मध्ये, गटांचं भांडवली अनुदानच बंद झालं. त्याऐवजी फिरता निधी (गटाने आपसांत कर्ज म्हणून फिरवायची रक्कम), समुदाय गुंतवणूक निधी (गटांच्या संघामार्फत कर्जाऊ मिळणारा पैसा), व्याजात सवलत आणि गटांना मार्गदर्शन करणाऱ्या, गावातल्याच बायकांमधून तयार केलेल्या सीआरपी ताई आल्या. तुमची टीका सरकारने आधीच ऐकून अमलात आणली आहे, हे तुमच्या नजरेतून सुटलं.

गटाची बैठक आतून कशी चालते, ते एकदा बघाच. पंचसूत्री म्हणतात ती अशी: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशेब लिहिणं. काही महिने हे नीट पाळल्यावरच फिरता निधी येतो. बैठकीत कर्ज मागणारीला कारण सगळ्यांसमोर सांगावं लागतं. दहा-बारा जणी ते ऐकतात, कारण पैसे त्यांचेही असतात. ‘गेल्या खेपेच्या कोंबड्यांचं काय झालं?’ हा प्रश्न बँकेचा अधिकारी कधी विचारणार नाही, शेजारीण विचारते. मी म्हणते तो सोबतचा माणूस हाच. समाजविकास आणि धंदा या दोन गोष्टी सरकारी खात्यांनी वेगळ्या केल्या आहेत, गावात त्या एकाच सतरंजीवर बसतात.

आळसाबद्दल अंदाजाने बोलायची गरज नाही. सहा विकसनशील देशांतल्या सरकारी रोख मदतीच्या सात प्रयोगांची आकडेवारी अभिजित बॅनर्जी, रेमा हॅना आणि सहकाऱ्यांनी पुन्हा तपासली. मदत मिळाल्यावर लोक काम कमी करतात, असा पुरावा त्यांना मिळाला नाही (२०१७). पश्चिम बंगालमधला ‘बंधन’ या सूक्ष्म कर्ज देणाऱ्या संस्थेचा कार्यक्रम तर थेट आपल्या विषयाचा आहे. अतिगरीब बायकांना जनावरं किंवा छोट्या धंद्याचं सामान फुकट, सुरुवातीचे काही महिने घरखर्चाला थोडे पैसे आणि दीड वर्ष दर आठवड्याला कार्यकर्तीची भेट. सात आणि दहा वर्षांनी पाहिलं तेव्हाही त्या घरांचं उत्पन्न आणि खर्च, दोन्ही इतरांपेक्षा वरच होते. बिहार सरकारने २०१८ मध्ये याच धर्तीवर सतत जीविकोपार्जन योजना आणली. उलट, हैदराबादच्या वस्त्यांतल्या सूक्ष्म कर्जाच्या अभ्यासात (२०१५) नुसत्या कर्जाने कुटुंबांचा एकूण खर्च वाढल्याचं दिसलं नाही. हा निष्कर्ष तुमच्या बाजूचा आहे असं वाटेल, पण तो माझ्याही बाजूचा आहे: नुसतं कर्ज पुरत नाही.

आता गणवेश. कापड राज्य पातळीवर एकत्रित खरेदी झालं, शिलाई तेवढी माविमच्या, म्हणजे राज्याच्या महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, गटांकडे आली. कापड उशिरा आलं, मापं जुळत नाहीत अशा तक्रारी झाल्या. अखेर काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. शिवणाऱ्या बाईने त्या शाळेतल्या पोरांची मापं स्वतः घेतली असती, कापड तिने निवडलं असतं, तर काय झालं असतं याचा विचार करा. काम तिचं आणि निर्णय दुसऱ्याचे, अशी ती रचना होती. त्यातून ‘गटांना जमत नाही’ असा निष्कर्ष काढणं त्या बायकांवर अन्याय आहे आणि तो मला मनापासून खटकला.

‘एक रुपया न घेता’ याबद्दल थोडंच. तुमचे कष्ट वादातीत आहेत. पण तुमचं वर्कशॉप ज्या मोठ्या कारखान्यांची कामं करतं, त्यांना एमआयडीसीची जमीन, पाणी आणि रस्ते १९६२ पासून, तर उद्योगांसाठीच्या राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेच्या सवलती १९६४ पासून मिळत आल्या आहेत. मोठ्याला दिलं की गुंतवणूक आणि लहानाला दिलं की खैरात, हा हिशेब तुम्ही तरी मान्य करू नये.

आणि तुमचं बिल. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा, २००६ तुमच्यासाठीच आहे. माल स्वीकारल्यापासून लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. अशा थकलेल्या बिलांचे वाद सोडवायला महाराष्ट्रात विभागवार सुविधा परिषदा आहेत आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि कंपनीला त्याविरुद्ध कोर्टात जायचं असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. शिवाय प्राप्तिकर कायद्यातल्या एका तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यात ती ४३बी(एच) होती), मुदतीत न दिलेलं तुमचं बिल त्या कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खर्चात दाखवता येत नाही. त्यांच्या अकाउंट्सवाल्यांना हे एका पत्रात लिहून पाठवा, पुष्कळदा परिषदेपर्यंत जायची वेळच येत नाही.

यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्र सरकारकडची छोट्या उद्योगांची नोंदणी, हवी आणि ती माल पुरवण्याआधीची असेल तर तुमची बाजू भक्कम. नोंदणीला एक पैसाही लागत नाही, कुणी हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका. पर्चेस ऑर्डर, डिलिव्हरी चलनावरची पोच, बिल आणि पैशांच्या मागणीचे ईमेल तारखेनुसार लावून ठेवा. नोंदणी कधीची आहे ते इथेच कळवा, पुढचा अर्ज कसा भरायचा ते मी सांगते.