लिव्हरचा रिपोर्ट नॉर्मल आला, झालं!

आमच्या दारू पिणाऱ्यांच्या ग्रुपवर एक जुना विनोद चालतो. कुणी रक्त तपासून घेतलं आणि लिव्हरचे आकडे ठीक आले की रिपोर्टचा फोटो टाकायचा आणि खाली लिहायचं, "परवाना रिन्यू झाला." मीही टाकलाय असा फोटो. त्यामुळे पुढचं सोवळं नेसून लिहीत नाहीये, हे आधीच सांगतो.

मागच्या वर्षी आमच्यातल्याच एकाच्या जिभेच्या कडेला फोड आला. दात जिभेला घासत असेल म्हणून जेल लावत दोन महिने काढले. शेवटी दाताच्या डॉक्टरनेच बायोप्सीला पाठवलं. कॅन्सर निघाला, लवकर सापडला म्हणून ऑपरेशनवर भागलं. बोलताना 'र' अजून अडतो. त्याचाही लिव्हरचा रिपोर्ट उत्तम होता आणि तंबाखूला त्याने कधी हात लावला नव्हता. त्याला हे दारूमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, एका माणसाबाबत तसं ठरवता येत नाही. पण मी वाचायला लागलो तो तेव्हापासून.

दारू म्हटलं की लिव्हर आणि तोंडाचा कॅन्सर म्हटला की तंबाखू, अशी वाटणी आपण डोक्यात करून ठेवली आहे. पण दारू आत जाते कुठून? जीभ, गाल, घसा, अन्ननलिका. शरीरात इथेनॉलचं, म्हणजे दारूतल्या अल्कोहोलचं, आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं. ते पेशीतल्या डीएनएला चिकटून तो बिघडवतं, वर त्याच्या दुरुस्तीतही खोडा घालतं. मी दचकलो ते पुढचं वाचून: हा उद्योग एकटं लिव्हर करत नाही, तोंडातले जिवाणूही करतात. प्यायल्यावर लाळेतलं अ‍ॅसिटाल्डिहाइड रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतं. त्याबद्दल लिव्हरचा रिपोर्ट काय सांगणार, कपाळ!

हे काही काल-परवाचं संशोधन नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने दारूला १९८८ सालीच पहिल्या गटात टाकलं, जिथे तंबाखू आहे. (पहिला गट म्हणजे पुरावा पक्का, एवढाच अर्थ. दोन्हींचा धोका सारखा, असा नाही. फॉरवर्ड करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.)

"मी फक्त बिअर घेतो" हा युक्तिवाद मी स्वतः अनेक वर्षं केला. ५ टक्क्यांच्या ३३० मिलि बिअरमध्ये साधारण १३ ग्रॅम अल्कोहोल असतं, ४० टक्क्यांच्या ४५ मिलि व्हिस्कीत साधारण १४. पेशीला लेबल वाचता येत नाही. रोज एखादंच ड्रिंक घेणाऱ्यांत तोंड-घशाच्या कॅन्सरचा धोका न पिणाऱ्यांपेक्षा थोडासाच वाढलेला दिसतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. रोज ५० ग्रॅमच्या वर जाणाऱ्यांत मात्र तो सुमारे पाचपट होतो.

आणि हातात सिगारेट असेल तर बेरीज नाही, गुणाकार. दारूमुळे तोंडाचं आतलं अस्तर सैल पडतं आणि तंबाखूतली विषं सहज आत झिरपतात. १९८८ च्या एका अमेरिकन अभ्यासात दोन्ही भरपूर करणाऱ्यांचा धोका दोन्ही न करणाऱ्यांच्या ३५ पटींवर गेला होता. 'फक्त पिताना ओढतो' म्हणणारे नेमका हाच मुहूर्त साधतात. एका पेगात ज्यांचा चेहरा लालबुंद होतो, त्यांची आपण थट्टा करतो. त्यातल्या अनेकांच्या शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड निपटणारं एन्झाइमच कमजोर असतं. अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका त्यांना जास्त.

कमी केली किंवा सोडली तर तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका घटतो, हेही त्याच संस्थेने २०२३ मध्ये पुरावे तपासून सांगितलं. फक्त त्याला वर्षं लागतात, पुढच्या सोमवारपर्यंत होत नाही.

तीन आठवड्यांत न भरणारा फोड, पांढरा किंवा लाल चट्टा, बसलेला आणि न सुटणारा आवाज, मानेत गाठ, गिळताना दुखणं, एकाच बाजूचा कान ठणकणं. यातलं काही असेल तर जेल लावत बसू नका, दाखवा.

विचारणारच आहात म्हणून: सिगारेट सुटली. दारू महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, पूर्ण सुटलेली नाही. ग्रुपवर रिपोर्टचे फोटो अजून येतात. मी खाली एवढंच लिहितो, "आरशासमोर जीभ बाहेर काढून पाहिलीस का?" सगळे वैतागतात. 'र' अडणारा तेवढा लाइकचा अंगठा टाकतो.