रंगाचा नंबर बरोबर असूनही इंजिन काळपट का दिसतं?

भाऊ, नमस्कार.

डब्ल्यूएजी-९ या मालगाडीच्या विजेच्या इंजिनाच्या छोट्या मॉडेलवर मी हिरव्या रंगात थोडा क्रीम मिसळला, त्यावर तुमचा आक्षेप आहे. मूळ रंगाला नंबर असतो, दुकानातल्या मशीनवर तो तंतोतंत मिळतो, मग त्यात भेसळ करून नवशिक्यांना चुकीच्या वाटेला का लावता, असं तुम्ही विचारलंय. सोबत भुसावळ यार्डात मोबाइलवर काढलेला फोटोही पाठवलाय. प्रश्न मोलाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सुरुवात नंबरापासूनच करावी, यात आपलं दुमत नाही. रंगांच्या छटांसाठी आपल्याकडे आयएस ५ हे भारतीय मानक आहे. त्यात ५३७ म्हणजे सिग्नल रेड, ३५६ म्हणजे गोल्डन यलो. ‘जरा गडद लाल द्या’ म्हणण्यापेक्षा आकडा सांगणं केव्हाही चांगलं. पण तो रंग कुठल्या उजेडात आणि किती लांबून बघायचा, हे नंबर सांगत नाही.

एप्रिलच्या दुपारी आपल्या खान्देशातल्या उघड्या उन्हात साधारण १ लाख लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. घरातल्या खोलीत रात्री दोन-तीनशे लक्स मिळाले तरी पुष्कळ. खऱ्या इंजिनाच्या चकचकीत पत्र्यावर सगळं आभाळ उतरतं, मॉडेलवर फक्त छत. शिवाय एकच रंग मोठ्या पृष्ठभागावर उजळ दिसतो आणि बोटभर पट्टीवर दबतो. १:८७ चं, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचं मॉडेल आपण ६० सेंमीवरून बघतो, म्हणजे खरं इंजिन ५२ मीटरवरून बघण्यासारखं. तेवढ्या लांबून हिरवा किती फिकट दिसतो, ते फलाटाच्या टोकाला उभं राहून बघा. पत्र्याला नाक लावून दिसतो तो हिरवा वेगळा. मी मॉडेलवर लांबूनचा हिरवा आणायला बघतो, आणि माझ्या मते अचूकपणा तोच.

मात्र उजळ करायचं म्हणून सरसकट पांढरा ओतू नये. लालात पांढरा गेला की गुलाबी होतो. डब्ल्यूएपी-४ या प्रवासी गाडीच्या इंजिनाचा लाल त्याने हमखास बिघडतो. तिथे थेंबभर नारिंगी चालतो. हिरव्याला डब्ल्यूएजी-९ च्याच पट्ट्याचा क्रीम द्यावा, दहा थेंबांना एक, त्याहून जास्त नको. अस्तराकडेही लक्ष हवं: करड्या प्रायमरवर पिवळा हिरवट मारतो, पांढऱ्यावर खुलतो. प्लॅस्टिकच्या पट्टीवर रंग मारा, पूर्ण वाळू द्या आणि मॉडेल जिथे ठेवणार त्याच दिव्याखाली बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग घरच्या एलईडीखाली फटकून दिसू शकतात, कारण नजरेला सारख्या वाटणाऱ्या छटांमधली रंगद्रव्यं वेगळी असतात.

आता तुमचा फोटो. मोबाइल प्रत्येक फोटोचा पांढरा समतोल (व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा कशाला मानायचं ते) स्वतःच ठरवतो, म्हणून फोटोतल्या हिरव्यावर एकट्याने विसंबू नका. त्याच फोटोतला क्रीम पट्टा आणि हिरवा यांच्यातला फरक बघा. कॅमेऱ्याने दोन्ही एकाच दिशेला ढकललेले असतात, म्हणून तो फरक बराचसा टिकतो. माझ्या मॉडेलवर हाच फरक मी जुळवला आहे.

आणि इंजिन कुठल्या काळातलं? पीओएच (कारखान्यातली ठरावीक काळाची मोठी दुरुस्ती) होऊन नुकतं बाहेर पडलेलं इंजिन आणि काही उन्हाळे काढलेलं इंजिन यांचा नंबर कागदावर एकच असतो. उन्हाने रंगाची चमक जाते, छतावर पेंटोग्राफच्या (वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या सांगाड्याच्या) कार्बनची काळी भुकटी बसते, बोगीवर (डबा नव्हे, इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्यावर) ब्रेकची तांबूस धूळ. माझं मॉडेल अशा वापरातल्या इंजिनाचं आहे. तुम्ही नवंकोरं इंजिन करत असाल तर क्रीम निम्मा करा आणि शेवटी सॅटिन (मध्यम चमकीचं) वार्निश मारा.

तुमच्या मॉडेलचे दोन फोटो पाठवा, एक खिडकीशी उन्हात आणि एक रात्री दिव्याखाली. सोबत इंजिनाचा क्रमांक आणि साल लिहा, म्हणजे क्रीम किती घ्यायचा ते नेमकं सांगता येईल.

तुमचा,
भुसावळकर