गाडी चालवतोस का, हे कुणीतरी विचारा

मला स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, नसते संशय येणं असा मानसिक आजार, आणि मी गाडी चालवते. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्यावरून अंबडला कामाला रोज दुचाकीनेच जाते. लायसन्स आहे, रात्रीची गोळी चालू आहे, आणि मी गाडी चालवते हे माझ्या डॉक्टरांना माहीत आहे. हे वाचून काहींच्या पोटात गोळा आला असेल. त्यांच्यासाठीच लिहितेय.

निमित्त झालं ओळखीतल्या एका काकूंच्या फोनचं. त्यांच्या मुलाला नुकतंच याच आजाराचं निदान झालंय. चोवीस-पंचवीसचा पोरगा, मुसळगाव एमआयडीसीत नोकरी. तो दवाखान्यातून घरी आल्या आल्या वडिलांनी त्याची बाइक विकून टाकली. "अगं, रस्त्यावर काही झालं असतं तर?" काकू म्हणाल्या. भीती खरी आहे, मी ती उडवून लावणार नाही. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? तर डॉक्टरांना कुणी विचारलंच नव्हतं. पुढे त्या जे बोलल्या ते मला जास्त लागलं. "आता तो म्हणतो, आवाज बंद झालेत. काही सांगतच नाही."

बंद झाले असतील तर चांगलंच आहे. पण खरं सांगितलं की बाइक जाते, उद्या मोबाइल जाईल, परवा नोकरी, हे ज्याच्या लक्षात आलं तो पुन्हा तोंड उघडेल का? लक्षणं लपवून गाडी चालवणाऱ्या माणसाची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. आणि लपवायला आपण घरातच शिकवतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात साधारण ३००-३५० माणसांमागे एकाला हा आजार आहे. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहर पंधरा लाखांच्या आसपास होतं. हिशेब करा. आम्ही हजारोंनी आहोत, आणि त्यातले कितीतरी आत्ता याच रस्त्यांवर आहेत. तेव्हा आम्हाला सुरक्षित चालवता यावं कसं, यावर बोलू.

आजार भरात असताना गाडीला हात लावायचा नाही. यात तडजोड नाही. आवाज हुकूम सोडत असतील, कुणी मागावर आहे असं वाटत असेल, दोन-तीन रात्री झोप नसेल, तर किल्ली घरच्यांकडे द्यायची. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, म्हणून माझं सांगते. आजार डोकं वर काढतो तेव्हा मला नंबरप्लेट दिसायला लागतात. एरवी एमएच १५ च्या गाड्यांच्या नंबरांकडे कोण बघतं? पण तेव्हा पुढच्या रिक्षाच्या नंबरात माझी जन्मतारीख सापडते. गरवारे पॉइंटपासून मागे असलेली पांढरी कार माझ्यासाठीच निघालीय अशी खात्री पटते. डोळे समोरचा खड्डा सोडून आरशाला चिकटतात. म्हणून माझा नियम ठरलाय. आरशात ट्रॅफिकऐवजी माणूस शोधायला लागले, की गाडी कडेला लावायची आणि भावाला फोन करायचा. तो म्हणतो, "ताई, तिथेच थांब, आलो." बस. संध्याकाळी टोमणा नाही, दुसऱ्या दिवशी किल्ली गायब नाही. म्हणूनच पुढच्या वेळीही मी फोन करते.

गोळ्यांबद्दल मात्र आजाराइतकंही कुणी बोलत नाही. ओलान्झापिन, क्वेटियापिन, क्लोझापिन यांनी गुंगी येते, विशेषतः औषध नवीन असताना आणि डोस वाढवल्यावर. मी पूर्वी झोपायच्या वेळी, अकरा-साडेअकराला गोळी घ्यायचे. सकाळी सिग्नल हिरवा झालेला दिसायचा, पण मूठ पिळायला हात उशिरा हलायचा. मागच्याचा हॉर्न वाजला की मग जाग. हाच उशीर ब्रेक दाबताना झाला असता तर काय, हे डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी गोळी रात्री साडेआठला आणली आणि सकाळ मोकळी झाली. रिस्पेरिडोन किंवा हॅलोपेरिडॉलने कुणाचे हातपाय आखडतात, कुणाला आतून अशी तगमग होते की एका जागी बसवत नाही. आखडण्यावर ट्रायहेक्सिफेनिडिल देतात, तर त्या गोळीने काहींना धूसर दिसतं, ऊन डोळ्यांना सहन होत नाही. वरून सर्दीची गोळी घेतली किंवा दारू घेतली तर गुंगीत भरच. यावर काहीजण स्वतःच इलाज करतात, गाडी चालवायची म्हणून गोळीच सोडतात. कृपा करून हे करू नका. गोळी सुटली की आजार उलटतो, आणि मग सिग्नलवरच्या एका क्षणाच्या उशिरावर भागत नाही.

डॉक्टरांनाही हात जोडून विनंती आहे. तुम्ही झोप विचारता, वजन बघता, शुगर तपासायला सांगता. गाडी चालवता का, कोणती, किती लांब, किती वाजता, हेही विचारा. सातपूर-अंबडमध्ये रात्रपाळी करून पहाटे बाइकवर घरी जाणाऱ्या माणसाला तर विचाराच.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १८६ आहे. आपल्या आजारामुळे आपलं चालवणं लोकांना धोक्याचं ठरेल, हे माहीत असूनही चालवलं तर दंड. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो पहिल्या वेळी १,००० रुपयांपर्यंत, पुढे २,००० पर्यंत. त्या कलमात कुठल्याही आजाराचं नाव नाही. लायसन्ससाठी जो फॉर्म १ भरतो, त्यातल्या प्रकृतीच्या घोषणापत्रातही असाच प्रश्न असतो, आणि किती जण तो न वाचताच 'नाही' लिहून मोकळे होतात! ब्रिटनमध्ये नियम जास्त स्पष्ट आहेत. तीव्र सायकोसिस झाला, म्हणजे खरं काय आणि भास काय हे कळेनासं झालं, की गाडी बंद आणि लायसन्स खात्याला कळवायचं. मग किमान ३ महिने प्रकृती स्थिर, औषधं नियमित, दुष्परिणाम चालवण्याच्या आड येत नाहीत, असं असेल तर कार पुन्हा चालवता येते. बस-ट्रकसाठी साधारण १२ महिने थांबावं लागतं. मला हे पटतं. थांबायचं कधी आणि परत सुरू करायचं कधी, दोन्ही माणसाला कळतं.

नाशिकपुरतं सांगायचं तर द्वारका चौक मी शक्यतो टाळतेच, लांबचा रस्ता परवडला. आणि नवरात्रात कालिका देवीच्या यात्रेमुळे मुंबई नाक्याजवळची वाहतूक वळवलेली असते, घरी जागरणं असतात, उपवासाच्या नावाखाली गोळ्या चुकतात. त्या दिवसांत मी सिटीलिंकच्या बसने जाते.

काकूंच्या घरी जाऊन आले. सुरुवातीला वडील माझ्याशी बोलेनात. मी गाडीवरून आलेय हे कळल्यावर चहा घेऊन समोर बसले. आम्ही मिळून डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहिले. पहिल्या पाळीला गुंगी नसावी म्हणून गोळी किती वाजता घ्यायची? कोणती लक्षणं दिसली की गाडी बंद? ती आधी कुणाला दिसतात, त्याला की आईला? पुन्हा कधी चालवता येईल? शेवटचा प्रश्न वडिलांनी स्वतः घातला: सुरुवातीला माझ्या स्कूटरवर, मी मागे बसून, चालेल का?

ज्यांना मानसोपचारतज्ज्ञ लगेच गाठता येत नाही त्यांनी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करावा, १४४१६. चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात.