ओढा आधी आखा, रस्ते नंतर

२०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ अशी चौतीस गावं पुणे महापालिकेत आली. (त्यातली दोन पुढे बाहेर पडली, ते राजकारण वेगळं.) त्यापलीकडे पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, हद्द. या सगळ्या पट्ट्यात आता टीपी स्कीमचा, म्हणजे सगळ्यांची जमीन एकत्र करून नव्यानं आखणाऱ्या नगररचना योजनांचा, बोलबाला आहे. आणि योजना म्हटली की प्रेझेंटेशन आलं, प्रेझेंटेशन म्हटलं की त्यात 'हवामान-अनुकूल', 'निसर्गाधारित' वगैरे शब्द आले. स्लाइडवर हिरवी झाडं, सायकलवरची मुलगी, काचेच्या इमारतींवर वेली.

माझा त्या शब्दांवर राग नाही. उलट त्यांचा अर्थ कुणी मनावर घेतला तर हवंच आहे. माझं म्हणणं एवढंच की हवामान-अनुकूल वस्ती शेवटी झाडं लावून होत नाही. कोऱ्या नकाशावर पहिली रेघ कशाची ओढली, रस्त्याची की ओढ्याची, तिथेच तिचा निकाल लागतो. आपल्याकडे पहिली रेघ बिनचूक रस्त्याची असते.

आमच्या मामांची थोडी जमीन अशाच एका योजनेत आहे. नाव घेत नाही. जमीनमालकांच्या सभेत प्रारूप नकाशा लावला होता. डोंगरावरून उतरून मामांच्या बांधाला वळसा घालून जाणारा ओढा नकाशात सरळ झाला होता. रस्त्याकडेने जायचा, चौकात काटकोनात वळायचा, पुन्हा सरळ. मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, हे पाणी सिग्नल बघून वळणार का?" लोक हसले, साहेबही हसले. नकाशा तसाच राहिला.

पुणेकरांना तरी हे समजावून सांगायला लागू नये. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवा. कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्यानं अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल या भागांत काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली. १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं होतं. २०१९ ला कुठलंही धरण फुटलं नव्हतं. ओढ्याला जागा नव्हती, बस्स. गंमत म्हणजे हा ओढा नानासाहेब पेशव्यांच्या काळातच वळवलेला आहे, आणि पर्वतीच्या पायथ्याचं तळंही त्यातूनच झालं, तेच आजचं सारसबागेचं ठिकाण. म्हणजे पाण्याला वळवूच नये असं काही नाही. पण त्यांनी वळवताना पाण्याला थांबायला तळंही दिलं. आपण पाइप देतो.

पुरानंतर आपल्याला काय सुचलं? ओढ्याकाठी सीमाभिंती. आणि २०२१ च्या जूनमध्ये, भर पावसाळ्याच्या तोंडावर, दांडेकर पुलाजवळच्या ओढ्याकाठच्या वस्तीतल्या घरांवर बुलडोझर. ओढा मोकळा करायचा म्हणजे सर्वांत गरिबाचं घर आधी पाडायचं, ही आपली निसर्गाधारित उपाययोजना असेल तर मी तिच्या विरोधात आहे.

आता थोडा हिशोब. एक हेक्टर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की दहा लाख लिटर पाणी होतं. दहा हजार लिटरचे शंभर टँकर. पीएमआरडीएची महाळुंगे-माणची योजना साधारण अडीचशे हेक्टरची आहे. तेवढ्या जमिनीवर तेवढाच पाऊस म्हणजे पंचवीस हजार टँकर. शेतं होती तेव्हा यातलं बरंचसं पाणी बांधाच्या आत, गवतात, मातीत रेंगाळायचं आणि दमादमानं ओढ्यात यायचं. छपरं, डांबर आणि पेव्हर ब्लॉक झाले की दहातले आठ-नऊ टँकर लगेच पळत सुटतात. आणि मार्च आला की त्याच सोसायट्यांच्या दारात खरेखुरे टँकर उभे.

यावर लगेच उत्तर येतं: शोषखड्डे करू. करा, पण आधी खालचा दगड बघा. आपण बेसॉल्टवर राहतो. मुरूम असेल, दगडाला भेगा असतील तिथे पाणी मुरतं. अखंड काळा पाषाण लागला तर तो शोषखड्डा नसून हौद आहे, आणि तोही भरलेला. त्यामुळे आपल्याकडे नुसतं 'जिरवा' म्हणून भागत नाही, पाणी काही तास जमिनीवर थोपवून धरायला जागा लागते. एक एकराचं शाळेचं मैदान शेजारच्या रस्त्यापेक्षा अर्धा मीटर खोल ठेवलं, तर त्यात वीस लाख लिटर मावतं. वर्षातले मोजके दिवस तिथे पाणी, एरवी क्रिकेट. डासांचं म्हणाल तर डासाला अंड्यातून उडेपर्यंत आठवडाभर लागतो. दीड-दोन दिवसांत मैदान रिकामं होईल असा उतार आणि निचरा ठेवणं हे इंजिनिअरचं कामच आहे.

यातलं काहीच परदेशातून आणायची गरज नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही पाणलोट समितीतल्या माणसाला विचारा, तो 'माथा ते पायथा' म्हणेल. आधी डोंगरावर सलग समतल चर, मग उतारावर बांधबंदिस्ती, शेवटी ओढ्यावर बंधारा. हिवरे बाजारनं हेच केलं आणि वर पाण्याचा ताळेबंदही मांडला. आपलं दुर्दैव असं की गाव महापालिकेत गेलं की त्याच ओढ्याचा नाला होतो, पाणलोटाचं ड्रेनेज होतं आणि माथा, पायथा, ओढा तीन वेगवेगळ्या खात्यांच्या फायलीत जातात.

माथ्यावरून आठवलं. टेकड्यांवर झाडं लावायची म्हणून आपण वर्षानुवर्षं गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, बाहेरून आणलेलं झाड) लावलं. आता दाट जंगल चार वर्षांत उगवून देणाऱ्या पद्धतींची हौस आहे. पुण्याच्या टेकड्या मुळात गवताच्या आणि विरळ झुडपांच्या. पावसाचा पहिला मारा अंगावर घेऊन माती धरून ठेवायचं काम ते गवत फुकट करतं. पण गवताचं उद्घाटन करता येत नाही, फीत कापायला काही दिसत नाही.

कोपनहेगनचं उदाहरण मात्र द्यावंसं वाटतं, कारण त्यात आपल्यासाठी एक वेगळीच गोष्ट आहे. २ जुलै २०११ ला तिथे दोन तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस कोसळला. शहर हादरलं. पुढच्याच वर्षी त्यांनी ढगफुटीसाठी आराखडा केला, सुमारे तीनशे कामांचा, वीस वर्षांत करायचा. ओस्टरब्रो भागातल्या सांक्ट केल्ड या जुन्या वस्तीचा त्यांनी 'हवामान मोहल्ला' केला. डांबर उखडलं, चौकात खोलगट बागा केल्या, छपरांचं पाणी तिकडे वळवलं. २०१९ पर्यंत मुख्य चौकात आणि त्याला लागून असलेल्या रस्त्यावर ५८६ झाडं लागली. सुंदर आहे, वाद नाही. पण ते बिचारे तयार शहर फोडून पाण्याला जागा करताहेत. आपल्याकडे शेतं अजून शेतं आहेत. जे त्यांना उखडून करावं लागलं ते आपल्याला फक्त न बुजवून मिळेल.

आणि इथेच टीपी स्कीमची खरी ताकद आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. विकास आराखड्यात आरक्षण पडतं तेव्हा ज्याच्या गटावर ते पडलं तो बुडतो, शेजारचा तरतो. मग तो माणूस कोर्टात जातो, राजकारण्याकडे जातो, नाहीतर गुंठे पाडून विकतो. टेकड्यांवरच्या ९७८ हेक्टर जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणाचं हेच दुखणं आहे: हेतू चांगला, भार मूठभर मालकांवर. टीपी स्कीममध्ये सगळ्यांची जमीन एकत्र होते आणि रस्ते, बागा, सुविधा वजा करून प्रत्येकाला ठरलेल्या प्रमाणात, पीएमआरडीएच्या योजनांत साधारण निम्मा, अंतिम भूखंड परत मिळतो. म्हणजे ओढ्याला पंधरा मीटरऐवजी चाळीस मीटर रुंदी दिली, तर ती तोशीस एकट्या मामांना नाही, सगळ्यांना थोडी थोडी. सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) म्हणून पडलेली ओढ्याची जागा योजनेची सर्वांत उपयोगी जमीन होऊ शकते, आणि कुणी उघड्यावर पडत नाही.

मग अडतं कुठे? नवी जमीन मागायचीच नाहीये. मोकळी जागा, खेळाचं मैदान, बाग हे सगळं कायद्यानं सोडावंच लागतं. फक्त ते कोपऱ्यातल्या त्रिकोणी तुकड्यात, हायटेन्शन लाइनखाली किंवा उरलेल्या जागी जातं. तेच सगळं ओढ्याच्या दोन्ही काठांना ओवा. शाळा आणि दवाखान्याचे सुविधा भूखंड त्याला लागून द्या. रस्ते ओढ्याला पूल करून ओलांडू देत, पाइप टाकून नाही. गावच्या जुन्या विहिरी नकाशावर जिवंत राहू देत. रस्त्याकडेची झाडं कठड्यावर चढवून ठेवण्याऐवजी रस्त्यापेक्षा खाली लावा, म्हणजे पाणी त्यांच्याकडे जाईल. खर्च? आरसीसी भिंतीपेक्षा खचितच कमी. पण भिंतीचं बिल घनमीटरवर निघतं, ओलसर गवताळ काठाचं बिल कसं काढायचं हे टेंडरवाल्यांना अजून सुचलेलं नाही. देखभालीचा प्रश्नही खरा आहे. गाळ कोण काढणार, प्लास्टिक कोण उचलणार, हे योजनेतच पैशासकट लिहिलं नाही तर दोन वर्षांत तिथे राडारोडा पडेल. आणि ओढ्यात सांडपाणी सोडणं चालूच राहिलं तर काठावर कितीही बाग करा, तिथे कुणी बसणार नाही.

अशानं पूर कायमचे थांबतील असं म्हणणारा खोटं बोलतोय. चीनमध्ये 'स्पंज सिटी'चा, म्हणजे शहरानं पाऊस स्पंजासारखा शोषून घ्यावा या कल्पनेचा, एवढा गाजावाजा झाला, त्यावर भरपूर खर्च झालेल्या झेंगझोउ शहरात २० जुलै २०२१ ला एका तासात २०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला आणि भुयारी मेट्रोत माणसं बुडाली. तेवढ्या पावसाला गवताचे काठ पुरत नाहीत, तिथे इशारा आणि वेळेत माणसं हलवणंच कामी येतं. पण आपल्याकडे एरवीच्या दोन तासांच्या वळवातही चौकात दुचाक्या वाहून जातात. त्यासाठी तरी ओढा पुरेल.

ज्यांची जमीन अशा योजनेत आहे त्यांनी एक करा. प्रारूप योजना प्रसिद्ध झाली की हरकती-सूचनांना तीस दिवस असतात. अंतिम भूखंडाचा आकार आणि रस्त्याची रुंदी सगळेच विचारतात. तुम्ही जुना गाव नकाशा घेऊन जा, प्रारूप नकाशाशेजारी ठेवा आणि लेखी विचारा: ओढ्याची रुंदी किती मीटर धरली, ती किती पावसासाठी, आणि हा आकडा कुणी काढला. पोच घ्यायला विसरू नका. आमचा अर्ज गेलाय, मामांच्या सहीनं. उत्तर आलं की इथेच टाकतो.