डिस्नीसीत ‘वाया घालवलेल्या’ दिवसाबद्दल

नमस्कार,

तुमच्या प्रतिक्रियेत राग आहे, पण तो मुलांच्या काळजीतून आलाय हे उघड दिसतं. त्यामुळे ‘मताबद्दल आभारी आहे’ एवढं लिहून मोकळं होणं मला पटेना. उत्तर लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

ज्यांच्या नजरेतून ही प्रतिक्रिया सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. शाळेच्या जपान सहलीवरच्या माझ्या लेखात टोकियो डिस्नीसी या करमणूक बागेतल्या दिवसाचं वर्णन होतं. तुमचं म्हणणं असं, की जपानला जाऊन एका अमेरिकी कंपनीच्या खोट्या ज्वालामुखीखाली अख्खा दिवस घालवणं ही पालकांच्या पैशांची उधळपट्टी आहे. तो दिवस हिरोशिमाला द्यायला हवा होता. मुलं तिथे शिकली काय, तर रांगेत उभं राहायला. आणि सगळ्यात गंभीर आरोप म्हणजे परक्या देशात चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना आम्ही वाऱ्यावर सोडलं आणि स्वतः कॉफी पीत बसलो.

शेवटच्या आरोपापासून सुरुवात करते, कारण माझं खरं म्हणणं तिथेच आहे.

मुलांना सोडलं, हे खरं. ठरवून सोडलं. किंबहुना ती जागा निवडली तीच त्यासाठी.

मुलांना घेऊन परदेशात फिरणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. पुढे एक शिक्षक झेंडी धरून, मागे एक शिक्षक रेंगाळणाऱ्यांना हाकत, आणि मधे मुलांची रांग. मेट्रोत चढताना डोकी मोजा, उतरल्यावर पुन्हा मोजा. कुठे जायचं, काय खायचं, किती वेळ थांबायचं, पाणी कधी प्यायचं, हे सगळं आम्ही ठरवतो. टोकियोतल्या असाकुसाच्या देवळात मुलांनी देऊळ किती पाहिलं आणि पुढच्याची पाठीवरची सॅक किती पाहिली, याबद्दल मला शंकाच आहे. यात कोणाचा दोष नाही. टोकियोतल्या शिंजुकूसारख्या स्टेशनला दोनशेहून जास्त दारं आहेत. तिथे मी मुलांना ‘जा, फिरून या’ म्हणणार नाही, आणि कोणी म्हणू पण नये.

डिस्नीसीची गोष्ट वेगळी. चारही बाजूंनी बंदिस्त जागा, बाहेर पडायची दारं ठरलेली, आत गाड्यांची वर्दळ नाही, पावलोपावली गणवेशातले कर्मचारी, प्रथमोपचाराची सोय, हरवलेल्या मुलांसाठी वेगळी व्यवस्था. पंधरा वर्षांच्या मुलाला तिथे चुका करायची मुभा देता येते, कारण सगळ्यात मोठी शिक्षा म्हणजे जेवण हुकणं किंवा राईड हुकणं. संपूर्ण सहलीत अशी दुसरी जागा आम्हाला सापडली नाही.

आणि ‘वाऱ्यावर’ म्हणाल तर, चार-पाच जणांचे गट होते. प्रत्येक गटाकडे इंटरनेट असलेला फोन, प्रत्येकाच्या गळ्यात हॉटेलचा आणि आमचा नंबर जपानीत छापलेलं कार्ड. गट सोडून कोणी कुठे जायचं नाही, अगदी स्वच्छतागृहात जायचं तरी एकाने बाहेर थांबायचं. दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. ठरलेल्या वेळांना बागेतल्या कृत्रिम बंदरासमोरच्या आमच्या बाकापाशी येऊन तोंड दाखवायचं. पालकांची लेखी संमती निघायच्या आधीच घेतलेली होती. राहता राहिली ती कॉफी. हो, प्यायलो. आम्ही बागभर गस्त घातली असती तर अडचणीतल्या मुलाला शिक्षक शोधत हिंडावं लागलं असतं. ‘बाई कुठे आहेत’ याचं उत्तर दिवसभर एकच असणं, हीच त्यातली सुरक्षितता.

ही कल्पना आमच्या डोक्यातून निघाली असंही नाही, जपान्यांचीच आहे. तिथल्या शाळांमध्ये ‘शूगाकु र्‍योको’ म्हणजे शालेय सहलीची परंपरा फार जुनी. सुरुवात सांगितली जाते ती १८८६ सालापासून, टोकियोच्या नॉर्मल स्कूलच्या, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या शाळेच्या, विद्यार्थ्यांनी चिबा प्रांतातल्या चोशीपर्यंत केलेल्या पायी मोहिमेपासून. ती जवळजवळ लष्करी कवायतच होती. आजच्या सहलीत क्योतो, नारा, हिरोशिमा असतं आणि पुष्कळ शाळांच्या कार्यक्रमात टोकियो डिस्नीचाही दिवस असतो. त्या दिवशी मुलं छोट्या गटांत स्वतःच्या आखणीने फिरतात आणि ठरलेल्या वेळी शिक्षकांना भेटतात. आम्ही गेलो तेव्हा आसपास गणवेशातले असे कितीतरी गट होते. (गणवेशातलं प्रत्येक जण शाळकरी असतं असं समजू नका. शाळा संपलेल्या मुली मुद्दाम जुना गणवेश घालून डिस्नीला येतात, तिथे ती रीतच पडली आहे. आमच्या मुलींना हे कळल्यावर त्या हसून लोळायच्या बाकी होत्या.)

आता आमच्या गटांचं काय झालं ते सांगते. लेखात ते मी आटोपशीर लिहिलं होतं.

एका गटाने सकाळीच उडण्याचा भास देणाऱ्या राईडची रांग धरली. ही राईड २०१९ साली सुरू झाली, आणि तिच्यापुढे दोन तासांचा फलक लागणं नवलाचं नाही. तासाभराने त्यांच्यातल्या दोघांना बाहेर पडायचं होतं, बाकीच्यांना नव्हतं आणि गट फोडायची परवानगी नव्हती. कडाक्याचं भांडण झालं. शेवटी थांबले, राईड झाली, पण ते दोघं दुपारपर्यंत बाकीच्यांशी बोलत नव्हते. दुसऱ्या गटाने पहिल्यापासून ठरवलं होतं, ज्याला रांग नाही त्यातच बसायचं. त्यांना सिंदबादची होडी सापडली. कितीतरी हलत्या बाहुल्या, सुरेख काम, आणि बाहेर माणूस नाही. पुन्हा पुन्हा जाऊन आले. तिसरा गट एका ठरलेल्या भेटीला उशिरा पोचला, कारण पाण्यावरचा कार्यक्रम सुरू होताना वाटा अडवल्या जातात आणि लांबचा वळसा घ्यावा लागतो. पण उशीर होणार हा निरोप त्यांनी आधीच पाठवला होता. त्याआधी त्या मुलांनी स्वतःहून एक निरोप कधी पाठवल्याचं मला आठवत नाही.

आणि एक मुलगी. शुद्ध शाकाहारी, बोलायला अतिशय बुजरी. अरेबियन कोस्ट नावाच्या भागात करी आणि नान मिळणारं उपाहारगृह आहे. करीत नेमकं काय पडलंय हे विचारायचं होतं आणि विचारायला आम्ही जवळ नव्हतो. तिने फोनवर प्रश्न टाइप केला, भाषांतर काउंटरवरच्या बाईंना दाखवलं, त्या आत जाऊन विचारून आल्या, मग पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर. मागे रांग तुंबलेली. एवढं करून तिच्या ताटात नान सोडून फारसं काही पडलं नाही! पण सहलीत तोवर ती एकाही जपानी माणसाशी बोलली नव्हती. गरजच पडली नव्हती, तिच्या वतीने बोलायला आम्ही होतो ना. दुसऱ्या दिवसापासून तिच्या गटात काउंटरवर पुढे तीच असायची.

बाकी मुलांनी धमाल केली, किंचाळली, नको तितका पॉपकॉर्न खाल्ला. पंधराव्या वर्षी मित्रांबरोबर मजा करणं हे मला स्वतंत्र आणि पुरेसं कारण वाटतं. त्याला शिक्षणाचं लेबल चिकटवायची मला हौस नाही.

‘अमेरिकी कंपनीचा खोटा ज्वालामुखी’ याबद्दल. ज्वालामुखी खोटा आहेच, ५१ मीटर उंचीचा आहे. पण ‘अमेरिकी’ अर्धंच खरं. टोकियो डिस्नीलँड १५ एप्रिल १९८३ रोजी सुरू झालं, अमेरिकेबाहेरचं पहिलं डिस्नी. डिस्नीसी आलं ४ सप्टेंबर २००१ रोजी, आणि जगात ते एकच आहे. दोन्हींची मालकी आणि कारभार ओरिएंटल लँड या जपानी कंपनीकडे आहे. डिस्नीला मिळते ती रॉयल्टी. डफी नावाचं अस्वलही बघा. अमेरिकेत ते आधी आलं होतं, पण कोणी फारसं विचारलं नाही. २००५ साली डिस्नीसीत नव्या नावाने आणलं आणि जपानात त्याचं वेड लागलं, इतकं की पुढे हाँगकाँग आणि शांघायच्या डिस्नीतही ते गेलं. जपान बघायला गेलेल्या मुलांना जपानी लोक परक्या वस्तूचं काय करतात हे दिसलं, तर त्यात जपान कमी पाहिल्यासारखं मला वाटत नाही.

आणि त्या खोट्या डोंगराखालची जमीन? ती समुद्र होती. डिस्नी ज्या उरायासुत आहे ते मूळचं मच्छिमारांचं गाव, शिंपले आणि नोरी शेवाळ ही त्यांची रोजीरोटी. १९५८ साली वरच्या बाजूच्या एका कागद कारखान्याने नदीत काळं पाणी सोडलं, मासे-शिंपले मेले आणि मच्छिमार कारखान्यात घुसले. पोलिसांशी मोठी झटापट झाली. त्याच वर्षी जपानमध्ये पाण्याच्या प्रदूषणाविरुद्धचे पहिले कायदे झाले. कायदे आले, पण समुद्र काही पूर्वीसारखा झाला नाही. मच्छिमारांनी आधी काही आणि १९७१ साली उरलेसुरले मासेमारीचे हक्क सोडले. भराव टाकून गावाचं क्षेत्रफळ जवळपास चौपट झालं. डिस्नी उभं आहे ते या भरावावर. उरायासुच्या संग्रहालयात १९५२ सालचं मच्छिमारांचं गाव घरं आणि होड्यांसकट उभं केलेलं आहे.

११ मार्च २०११ च्या भूकंपात या भरावाची परीक्षा झाली. उरायासुत जमीन अक्षरशः पातळ झाली, रस्त्यावरची मॅनहोल वर उचलली गेली. डिस्नीच्या पार्किंगमध्येही चिखल वर आला. मुख्य बागांना मात्र फारशी झळ पोचली नाही, कारण बांधण्याआधी जमिनीत वाळूचे खांब ठोकून ती घट्ट केली होती. त्या दुपारी दोन्ही बागांत मिळून सुमारे ७०,००० माणसं होती. कर्मचाऱ्यांनी डोक्यावर धरायला दुकानातली मऊ खेळणी वाटली, खाऊ वाटला, थंडीसाठी प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि पुठ्ठे दिले. गाड्या बंद पडल्या होत्या, सुमारे २०,००० जणांनी रात्र तिथेच काढली. हे मी मुलांना जाताना रेल्वेत सांगितलं होतं. डिस्नीजवळच्या माइहामा स्टेशनला उतरल्यावर एक मुलगा पायाखालच्या फरशा दाबून बघत चालला होता. पंधराव्या वर्षी ‘लिक्विफॅक्शन’चा, म्हणजे हादऱ्यांनी जमीन पातळ होण्याचा, याहून चांगला धडा मला तरी वर्गात देता आलेला नाही.

रांगेबद्दल फार बोलण्यासारखं नाही. रांगा कंटाळवाण्या होत्या, मुलं कंटाळली.

पैशांचं तुमचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. तिकिटाचा दर तारखेनुसार बदलतो. १२ ते १७ वयाचं तिकीट मोठ्यांपेक्षा स्वस्त असतं आणि आम्ही गर्दी नसलेला आठवड्यातला दिवस धरला होता, तरी खर्च लहान नाही. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणजे जेवणही तिथल्याच भावाने. खरी कात्री लागते ती दुकानांत. हातखर्चाला आम्ही मर्यादा घातली होती, पण काही मुलांनी ती सगळी एका अस्वलावर उडवली आणि उरलेले दिवस मित्रांकडून उसने घेत काढले. ज्या घरांनी काटकसर करून मुलाला पाठवलंय त्यांच्या मुलाला त्या दुकानात काय वाटत असेल, हा प्रश्न तुम्ही विचारलात. तो मलाही टोचतो, आणि ‘सगळ्यांना सारखाच हातखर्च’ हे त्यावरचं पूर्ण उत्तर नाही, हे मला ठाऊक आहे.

आता हिरोशिमा. तिथे न्यावं याबद्दल आपल्यात मतभेदच नाही. पण टोकियोहून हिरोशिमा सगळ्यात वेगवान शिंकान्सेननेही (बुलेट ट्रेन) एका बाजूला चार तासांच्या आसपास लागतं. एका दिवसात जाऊन यायचं तर आठ तास गाडीत जातात. संग्रहालयात घाईघाईने एक फेरी मारून मुलांना परत गाडीत कोंबायचं, आणि तेही ज्या जागी माणसाला थोडं गप्प बसावंसं वाटतं तिथून, हे मला योग्य वाटत नाही. डिस्नीसीच्या जागी ते बसतच नव्हतं. क्योतोहून मात्र तेच अंतर पावणेदोन तासांच्या आत आहे. म्हणून पुढच्या गटासाठी मार्ग बदलायचा प्रस्ताव मी दिलाय. क्योतोहून हिरोशिमा, तिथे एक मुक्काम, आणि टोकियोतला खरेदीचा दिवस रद्द. उरायासुचं संग्रहालयही घालायचा विचार आहे. डिस्नीसीचा दिवस आहे तसाच ठेवलाय, आणि कॉफीचा बाकही तोच.