७२ तास उपास करून दाताची कीड भरत नसते भाऊ

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर या आठवड्यात चौथ्यांदा तोच मेसेज आला. म्हणे ७२ तास नुसत्या पाण्यावर राहा, दाताच्या आतल्या पेशी उपाशी पडल्या की स्टेम सेल (ज्यांच्यापासून नवीन पेशी बनतात त्या मूळ पेशी) जाग्या होतात, तिसऱ्या दिवशी दुखणं थांबतं, किडीचा खड्डा आपोआप भरतो, रूट कॅनलची गरजच नाही, आणि याला नोबेलसुद्धा मिळालंय.

नोबेल खरं आहे. २०१६ ला योशिनोरी ओसुमींना मिळालं, ऑटोफॅजीसाठी, म्हणजे पेशी स्वतःचेच जुने पार्ट मोडून वापरते ते. पण त्यांनी हे शोधलं यीस्टमध्ये, दाढेत नाही. स्टेम सेलही खऱ्या, २००० सालीच अक्कलदाढेच्या पल्पमधून (दाताच्या आतला नसा-रक्तवाहिन्यांचा मऊ भाग) काढून दाखवल्यात.

आता "पेशी उपाशी पडतात" हे बघा. लॅबमध्ये पेशी उपाशी ठेवायच्या तर त्या वाढतात त्या प्लेटमधलं ग्लुकोजच काढून घेतात, तुम्ही जेवला नाही तर लिव्हर रक्तातली साखर सांभाळून घेतं, त्यामुळे दोन्ही उपास एक नाहीत. आणि समजा पल्पची पेशी खरंच उपाशी पडली, तरी ती करते काय? एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, कमी झालं की एएमपीके नावाचं एन्झाइम चालू होतं आणि आधी खर्च कापतं, वाढ थांबव, नवीन प्रोटीन कमी कर, जुनं मोडून दिवस काढ. पगार लांबला तर कोणी घराला रंग देतं का बापा? थोडा वेळ ती तग धरते, ताण लांबला तर मरते.

बरं, कीड खोल गेलेल्या दाताचा पल्प तर आधीच उपाशी असतो. चारही बाजूंनी कडक भिंती, रक्त येतं ते मुळाच्या टोकाच्या बारीकशा छिद्रातून, सूज आली की पसरायला जागा नाही, प्रेशर वाढतं, रक्त कमी, ऑक्सिजन कमी. त्याला अजून काय उपाशी ठेवता?

"खड्डा भरतो" हे तर सरळ खोटं. इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कडक कवच, बनवणाऱ्या पेशी दात बाहेर येईपर्यंतच संपलेल्या असतात. पल्प नवीन डेंटिन (इनॅमलच्या आतला थर) बनवतो, पण आतल्या बाजूने, स्वतःला वाचवायला, तेही दिवसाला काही मायक्रॉन, आणि एक मिलिमीटर म्हणजे हजार मायक्रॉन. बाहेरचा खड्डा तसाच राहतो.

"तिसऱ्या दिवशी दुखणं थांबतं" यावर आमच्या शेजारच्या काकांचं ऐका. उपास केला (तंबाखू-सुपारीचा खर्रा चालूच होता, तो उपासाला चालतो म्हणे), दुखणं थांबलं, ग्रुपवर अंगठा टाकला, आणि पाचव्या दिवशी गाल टम्म. डेंटिस्टनं दाढेला बर्फासारखा थंड कापूस लावला तर काकांना काहीच कळलं नाही, बाजूच्या दातावर लावला तर खुर्चीतून उडाले. पल्प मेला होता, म्हणून दुखत नव्हतं.

रात्री ठणकत असेल तर आपल्या नागपुरात सरकारी डेंटल कॉलेज मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजला) लागूनच आहे, सकाळी ओपीडीत जा. आणि हो, जाताना नाश्ता करून जा.